खाल्ल्या मिठाचा अर्थ

मराठी माणूस हिंदी मुलखात गेला की त्याची पहिली फजिती होते ती मिठापायी. जेवताना तो सहज म्हणतो, ‘थोडा मीठ देना’, आणि वाढणारा साखरेचे भांडे घेऊन हजर होतो. फजिती उलट्या बाजूनेही होते. आमच्या सोलापुरातल्या एका खाणावळीत उत्तरेकडून नुकताच आलेला एक मुलगा वाढायला होता. गिऱ्हाइकाने ‘आमटीत मीठ कमी आहे’ म्हणताच त्याने मोठ्या अगत्याने वाटीत चमचाभर साखर घातली. गिऱ्हाईक भडकले, मालक हसू लागला आणि तो पोरगा बिचारा दोघांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. चूक कुणाचीच नव्हती. एकच शब्द दोन घरी नांदत होता आणि दोन्ही घरांत त्याची चव निराळी होती.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. मुलांना शब्दांच्या गोष्टी सांगायच्या तर मी नेहमी मिठापासून सुरुवात करत असे. कारण ही वस्तू प्रत्येक घरात असते, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या डब्यात सारखीच असते, आणि तिच्या नावात मात्र हजारो वर्षांचा प्रवास दडलेला असतो.

‘मीठ’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मृष्ट’ या शब्दापासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मृष्ट म्हणजे धुतलेले, घासून स्वच्छ केलेले. त्यावरून नीटनेटके, मग रुचकर असा अर्थ झाला. त्याचेच ‘मिष्ट’ झाले. ‘मिष्टान्न’ हा शब्द आपण अजून वापरतो. पुढे वाटा फुटल्या. हिंदीने रुचकर म्हणजे गोड असे ठरवले आणि ‘मीठा’ साखरेच्या पदरात टाकला. मराठीने रुचकर म्हणजे ज्याने जेवणाला रुची येते ते, असे मानले आणि तोच शब्द खारट खड्याला दिला. पण आपणही जुने नाते पुरते तोडलेले नाही. मिठाई आपल्याकडे गोडच असते आणि पिंजऱ्यातला पोपट ‘मिठू मिठू’ बोलतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे मिठाची बरणी येत नाही.

गुजरातीने तर दोन्ही अर्थ एकाच घरात ठेवून घेतले. तिथे ‘मीठुं’ म्हणजे गोडही आणि मीठही. शिवाय मिठाला ‘सबरस’ असे एक देखणे नाव आहे. सगळ्या रसांचा रस. दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाच्या पहाटे गुजरातेत ‘सबरस’ अशी हाळी देत मीठ विकतात आणि लोक ते शकुनाचे म्हणून घेतात. सोलापुरात गुजराती व्यापारी घराणी पिढ्यान् पिढ्या राहिलेली. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली झाला तो इथलाच. अशा घरांतून वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मिठाचे हे कोडे कधी पडलेच नाही. तिच्या आईचे मीठही ‘मीठुं’ आणि बोलणेही ‘मीठुं’.

मग मिठाचा जुना शब्द, ‘लवण’, कुठे गेला? तो कुठेही गेला नाही. वेष बदलून आपल्याच स्वयंपाकघरात बसला आहे. लोणचे त्याच्यापासून झाले. मीठ नसलेले ते ‘अलवण’, त्याचे झाले अळणी. दृष्ट काढताना आपण लिंबलोण उतरतो, त्यातले लोण तेच. पूर्वी मीठ पिकवणारे ते लोणारी. आणि सर्वांत गोड गंमत म्हणजे ‘लावण्य’. लवणाचा जो गुण, खारटपणा, तेच मूळचे लावण्य! रूप नुसते रेखीव असून भागत नाही, त्यात मीठ हवे, असे ज्याने पहिल्यांदा म्हटले तो खवय्या असला पाहिजे.

उपवासाला चालणारे शेंदेलोण हे ‘सैंधव लवण’, म्हणजे सिंधू नदीच्या मुलखातले मीठ. ते समुद्राचे नव्हे, डोंगराच्या पोटातले. आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणींतून ते निघते. पण सिंधूकाठचे घोडेही नामांकित होते, म्हणून संस्कृतात ‘सैंधव’ म्हणजे घोडाही. शब्दाचा अर्थ प्रसंगावरून ठरतो हे शिकवायला जुने पंडित हेच उदाहरण देत. ताटावर बसलेल्या माणसाने ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने म्हटले तर घोडा. हे सांगितले की माझा वर्ग हमखास हसायचा. मागच्या बाकावरचा कुणीतरी विचारायचाच, ‘बाई, कुणी ताटावर घोडा आणला तर?’ मी त्याला खाणावळीतल्या साखरेची गोष्ट सांगत असे.

उप्पु, नमक आणि मीठ

हे सगळे पुस्तकात वाचून कळते. पण सोलापुरात राहणाऱ्याला ते गल्लीतच कळते. आमच्या शहरात मराठीइतक्याच सहजपणे कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू कानांवर पडते. मीठ मागायला शेजारी जायचे तर कोणत्या दाराशी उभे आहोत त्याप्रमाणे शब्द बदलतो. लिंगायत घरात ‘उप्पु’, पद्मशाली विणकरांच्या घरातही ‘उप्पु’, आणि दखनी बोलणाऱ्या घरात ‘नमक’. कानडी आणि तेलुगू बऱ्याच बाबतींत वेगळ्या, पण मिठावर दोघींचे एकमत.

आणि मराठी बोलणारा सोलापूरकरही रोज सकाळी कानडी मीठ खातो, हे त्याच्या ध्यानात नसते. पुण्यामुंबईचे लोक ज्याला उपमा म्हणतात, त्याला आम्ही उप्पीट म्हणतो. ते कन्नड ‘उप्पिट्टु’. उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ. मीठ घातलेले पीठ, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले ‘पीट’ आपल्या पिठासारखे ऐकू येते म्हणून शब्द चटकन घरचा झाला. ‘उपमा’तही पहिले अक्षर मिठाचेच आहे. कालिदासाच्या उपमेशी त्याचा काही संबंध नाही.

शेजारच्या अक्कांकडून मी एक कन्नड म्हण शिकले. ‘उप्पिगिंत रुचि इल्ल, तायिगिंत बंधु इल्ल.’ मिठाहून चव नाही आणि आईहून जवळचे कुणी नाही. दुसरी म्हण जरा करडी आहे. मीठ खाल्ले त्याने पाणी प्यायलाच हवे. म्हणजे केल्या कर्माचे फळ चुकत नाही. तेलुगू मुलांना लहानपणीच वेमनाचे एक पद्य शिकवतात. मीठ आणि कापूर दिसायला सारखे, चव घेतली की भेद कळतो, माणसांचेही तसेच, असा त्याचा आशय.

सोलापूर समुद्रापासून दूर. इथे मीठ पिकत नाही, ते नेहमीच बाहेरून आले. आगगाडी इथे १८६० साली पोचली. त्याआधी ते बैलांच्या पाठीवरून येई. घाटापलीकडचे मीठ देशावर आणणारे आणि देशावरचे धान्य खाली नेणारे ते लमाण. ‘लमाण’ हे नावच लवणावरून पडले, असे अनेक अभ्यासक मानतात. आगगाडी आली आणि बैलांचे तांडे थांबले. माणसे मात्र थांबली तिथे वसली. शहराजवळच्या मुळेगाव तांड्याकडे जाताना मला नेहमी वाटते, की ज्यांच्या नावातच मीठ आहे, त्यांची आठवण आपण चव घेताना किती वेळा काढतो?

संपले म्हणू नये

मिठाचे नाव घेण्याचीही एक रीत होती. आमच्या घरी ‘मीठ संपले’ असे कुणी म्हणायचे नाही. बरणी रिकामी झाली की आजी म्हणायची, ‘मीठ वाढलंय, आणायला हवं.’ मराठीची ही जुनी खोड आहे. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जे संपू नये असे वाटते त्याच्या संपण्याला आपण वाढणे म्हणतो. एकदा मी सातवीच्या मुलांना घरी मिठाबद्दल काय पाळतात ते लिहून आणायला सांगितले. मुले वेगवेगळ्या पेठांतली, वेगवेगळ्या भाषांची. पण वह्या उघडल्या तर पाळणूक जवळपास एकच. मीठ हातावर देऊ नये, भांडण होते. दिवेलागणीनंतर उसने मागू नये. सांडू नये, सांडले तर वर गेल्यावर पापण्यांनी वेचावे लागते.

पापण्यांनी मीठ वेचायची ती कल्पना ऐकून लहानपणी अंगावर काटा येई. आता वाटते, दुरून, कष्टाने आलेली वस्तू पोरांनी सांडू नये म्हणून कुणा शहाण्या बाईने हा धाक घातला असेल.

ताट वाढतानाही पहिला मान मिठाचा. आधी मधोमध वर मीठ, मग डावीकडे चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. देवाच्या नैवेद्याच्या पानात मात्र आपण मीठ वेगळे वाढत नाही. देवाला ते नंतर मागायची वेळ येत नसावी. माणसाला येते. वरून चिमूटभर घेण्याची मोकळीक ही माणसाच्या पानातली गोष्ट आहे.

कुणाचे मीठ?

मिठाचा सर्वांत जड अर्थ मात्र स्वयंपाकघराबाहेरचा. खाल्ल्या मिठाला जागणे. मराठीने यासाठी दोन शब्द ठेवले. घरात ‘मीठ’ आणि दरबारात फारसीतून आलेले ‘निमक’. निमकहराम हा शब्द मराठी माणसाला तलवारीसारखा लागतो. इंग्रजीतला ‘सॅलरी’ हा शब्दही लॅटिनमधल्या मिठाच्या नावावरूनच आला. तेव्हा पगार आणि मीठ यांची सोयरीक जगभराची दिसते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, सोलापुरातल्या एका गिरणीत साचे चालवत. भोंगा झाला की डबा घेऊन निघायचे. मालकाबद्दल कुणी वेडेवाकडे बोलले की ते म्हणत, ‘खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.’ मग गिरणी आजारी पडली, बंद झाली. देणी अडकली. ग्रॅच्युइटीसाठी आप्पांनी वर्षानुवर्षे खेपा घातल्या. एका दुपारी ते असेच हात हलवत परत आले. आईने भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. ते पानाकडे बघत म्हणाले, ‘आम्ही मिठाला जागलो. पण कापड आम्ही विणलं, ते विकून मालकाच्या घरी मीठ आलं. मग कुणी कुणाचं मीठ खाल्लं?’

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. ही म्हण नेहमी खाणाऱ्यालाच बांधते, देणाऱ्याला मोकळे सोडते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

पुढे इतिहास वाचताना लक्षात आले, की हाच प्रश्न आमच्या शहराने आधीही एकदा विचारला होता, आणि त्याची किंमत मोजली होती. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवला होता आणि परवान्याशिवाय मीठ करणे हा गुन्हा ठरवला होता. समुद्र आपला, ऊन आपले, हात आपले आणि मीठ सरकारचे! १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचलले. त्या एका कृतीने त्या जुन्या म्हणीचा अर्थच फिरवला. सरकारचे मीठ खाता आणि सरकारविरुद्ध जाता, असे म्हणणाऱ्यांना आता विचारता येत होते, की मीठ सरकारचे झाले कधी?

मिठावर राज्याची नजर असणे नवे नव्हते. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदारास पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जकात वाढवायला सांगितले होते. पण ते बाहेरच्या स्वस्त मिठापुढे कोकणातले आपले मीठ बुडू नये म्हणून. एकच कर, पण कुणासाठी बसवला यावर त्याचा अर्थ ठरतो. सैंधवाची गोष्ट इथेही लागू पडते.

कोकणात शिरोड्याला लोकांनी मीठ उचलले. ज्यांच्याजवळ समुद्र नव्हता त्यांनी जंगल सत्याग्रह केला. सोलापूरजवळ ना समुद्र, ना मोठे जंगल. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांच्या या गावात हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली. धरपकड झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला. त्यात पोलीसही मारले गेले. पुढले तीन दिवस शहरातून इंग्रजांचा अंमल उठल्यासारखाच होता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिले गेले. त्यांची नावे एका ओळीत म्हणून पाहा. आमच्या शहरात मिठाला जितकी नावे आहेत, त्या सगळ्यांची आठवण त्या ओळीत येते. तारीखही कशी, तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, संक्रांतीच्या तोंडावरची. शहर ‘गोड बोला’ म्हणायच्या तयारीत असते त्याच दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात.

माझ्या आजीने तो मार्शल लॉ पाहिला होता. ती सांगायची तेव्हा चौघांची नावे भक्तीने घ्यायची. पण एकदा तिने हळू आवाजात असेही म्हटले, ‘मेलेल्या पोलिसांच्या घरीही कुणाची तरी भाकर थापून ठेवलेली असंल गं.’ ते शिपाईही याच मातीतले होते. मिठाला जागायचे, एवढेच त्यांना शिकवलेले होते. हुतात्म्यांचे मोल आजीच्या त्या वाक्याने तसूभरही कमी होत नाही. पण खाल्ल्या मिठाला जागा असे पोरांना सांगताना, मीठ कुणाचे आहे ते आधी बघा, हे सांगायला मी तिच्यामुळेच शिकले.

मिठावरचा कर अखेर १९४७ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर गेला.

चवीपुरते

आता मीठ पिशवीतून येते. त्यातले बहुतेक गुजरातेतल्या मिठागरांत पिकते. गलगंड आणि मुलांच्या वाढीतले दोष टळावेत म्हणून त्यात आयोडीन घालतात. १९६२ साली त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि खाण्याच्या मिठात आयोडीन असणे आज कायद्याने बंधनकारक आहे. आजीचे जाडे, ओलसर, खडे मीठ आता लोणच्याला आणि दृष्ट काढायला उरले.

आणि आमच्या पिढीला डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, याहून कमी मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्यात लोणचे, पापड, फरसाण, सगळे आले. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून मीही हात आखडला आहे. पहिले पंधरा दिवस सगळे जेवण अळणी लागले. मग हळूहळू भाकरीचा ज्वारीचा गोडवा कळू लागला, शेंगांची चव कळू लागली. ‘मृष्ट’ शब्दाचा जुना अर्थ मला या वयात, कमी मिठात सापडला.

पाककृती लिहिताना आपण जिन्नसांच्या यादीत इतर सगळे मोजून मापून लिहितो आणि शेवटी लिहितो, ‘मीठ चवीपुरते’. परक्याला हे माप कधी कळत नाही. ते घरातल्या हाताला कळते. आज घराघरांतून आजीच्या बोलीतले शब्द कमी होत चालले आहेत. तांड्यावरची मुले शाळेत मराठी आणि पडद्यावर हिंदी ऐकतात, विणकरांची नातवंडे तेलुगू समजतात पण बोलत नाहीत. या आठवड्यात जेवायला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, की त्यांच्या लहानपणी मिठाला काय म्हणत आणि ते संपले की काय म्हणत. उत्तर मिळाले की ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. आमच्या घरची वही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर आजीचे वाक्य आहे, दुसऱ्यावर आप्पांचा प्रश्न, आणि तिसऱ्यावर शेजारच्या अक्कांची म्हण त्यांच्याच हाताने, कन्नडात लिहून घेतली आहे.